३८ मिनिटांचं जॅम, पावणेपाच मिनिटांचं गाणं

फाइलचं नाव ‘पंखा बंद ३’. एप्रिलमधल्या एका रविवारी भाच्याच्या बँडनं माझ्या खोलीत जॅम केलं, म्हणजे आधी काही न ठरवता एकत्र जे काही वाजवलं, ते या नावानं हार्ड डिस्कवर पडलं. लांबी ३८ मिनिटं ११ सेकंद. सुरुवातीला दीड मिनिट गिटारवाला वायर शोधतोय आणि मागं कुणीतरी ‘पाणी संपलं बे’ म्हणतंय. शेवटची चार मिनिटं चौघंही दमलेत, पण आधी थांबायला कुणी तयार नाही. या पसाऱ्यातून त्यांच्या अल्बमवरचं पावणेपाच मिनिटांचं गाणं निघालं.

माझ्या रेकॉर्डिंगच्या दोन खोल्या सोलापुरात अक्कलकोट रोडकडं, यंत्रमागाच्या एका जुन्या गोदामात आहेत. भजनी मंडळं येतात, लग्नाची गाणी होतात, निवडणूक लागली की प्रचाराच्या जिंगलांची रांग लागते. रॉक बँड वर्षाकाठी दोन-तीन. पोरांना सोडायला आलेले आईबाप बाहेर चहा घेताना एकच विचारतात : हे तासन् तास नुसतं वाजवत बसतात, यातनं गाणं कधी होणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर चहा संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्या मैफलीत बंदिश आधी असते. गायक तिच्याभोवती बढत करतो, उपज घेतो, पुन्हा मुखड्यावर येतो. जॅममध्ये गंगा उलटी वाहते. चौघंजण नुसती उपज करत राहतात आणि त्यात कुठं बंदिश सापडते का, ते नंतर बघतात. पण म्हणून कुणी वाटेल ते वाजवत नाही. ठेका आणि पट्टी या दोन गोष्टी पहिल्या मिनिटभरात न बोलताच ठरतात. मग येतो रिफ. रिफ म्हणजे दोन-चार मात्रांची, पुन:पुन्हा येणारी सुरांची छोटी ओळ. तबला सोलोला मागं पेटीवर किंवा सारंगीवर नगमा धरतात ना, तसाच. नगम्यामुळं तबलजी निर्धास्त होतो, कारण घर कुठं आहे ते त्याला माहीत असतं. रिफचं कामही तेच.

हे किती अचानक होतं, याचा एक दाखला. १९७१च्या सुरुवातीला लेड झेपलिन हा इंग्लिश बँड हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात चौथ्या अल्बमचं काम करत होता. दाराशी रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी उभी. एक गाणं काही केल्या बसत नव्हतं. वैतागून म्हणा, गंमत म्हणून म्हणा, ड्रमर जॉन बॉनमनं लिटल रिचर्डच्या एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली. जिमी पेजनं त्यावर लगेच गिटारचा रिफ टाकला. अडलेलं गाणं बाजूला राहिलं आणि ‘रॉक अँड रोल’ हे नवंच गाणं उभं राहिलं. या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दाराशी उभी असलेली गाडी. टेप चालू नसती, तर संध्याकाळी जेवताना ‘दुपारी काहीतरी भारी झालं होतं राव’ एवढंच उरलं असतं.

म्हणून माझ्या खोलीचा पहिला नियम : पोरं वाद्यं लावायला लागली की रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि सांगायचं नाही. ‘चालू केलंय हं’ म्हटलं की तीच पोरं गॅदरिंगच्या स्टेजवर उभी केल्यासारखी ताठ होतात. त्या रविवारी बेसवाला, म्हणजे खर्जाचं गिटार वाजवणारा, तार तपासत होता. चार सूर, त्यातला चौथा जरा उशिरा पडणारा. ड्रमरनं तो उशीर ऐकला आणि नेमका तिथं स्नेअरचा, म्हणजे खरखरीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, ठोका ठेवला. गिटारवाला पुढची दोन मिनिटं काहीच वाजवत नव्हता, नुसता मान हलवत उभा. जॅममध्ये वाजवण्याइतकंच न वाजवणंही जमावं लागतं, आणि विशीतल्या पोरांना तेच जमत नाही. याला जमलं. त्याचं श्रेय त्याला आजही कुणी देत नाही.

आता रेकॉर्डिंग नेमकं काय करतं ते बघू. एकच माइक मधोमध टांगला असता तर चारही वाद्यांची खिचडी एका फाइलमध्ये पडली असती, आणि खिचडीतून डाळ वेगळी काढता येत नाही. म्हणून प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक देतात. आमच्याकडं १२ होते : ड्रमचे सात (पायानं वाजवायचा मोठा ड्रम म्हणजे किक, स्नेअरला वरून आणि खालून, दोन घुमणारे टॉम, डोक्यावर झांजांसाठी दोन), बेस थेट वायरनं, गिटारच्या अँप्लिफायरसमोर एक, कीबोर्डचे दोन आणि तो वाजवत गाणाऱ्याचा एक. दर सेकंदाला प्रत्येक ट्रॅकवर आवाजाची ४८,००० मोजमापं घेतली जातात. ३८ मिनिटांचे हे १२ ट्रॅक मिळून साधारण चार जीबी झाले, म्हणजे आज एका पेनड्राइव्हचा कोपरा. टेपच्या जमान्यात २४ ट्रॅकची दोन इंच रुंद टेप वापरत. तिचं नेहमीचं रीळ २,५०० फुटांचं, आणि सेकंदाला १५ इंच वेगानं ते ३३ मिनिटांत संपायचं. पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. आमच्या गाण्यातली सगळ्यात कामाची झांज ३७व्या मिनिटाला वाजली आहे. ती पुढं येईलच.

ट्रॅक वेगळे असले तरी हवा एकच असते. ड्रमवरच्या माइकला गिटार ऐकू जातं, गाणाऱ्याच्या माइकला झांज. याला ‘ब्लीड’ म्हणतात, आमच्या भाषेत आवाज फुटणं. यावर सोलापुरात हमखास उपाय म्हणजे चादर. माझ्या तीन भिंतींवर चादरी आहेत, मोराच्या नक्षीच्या, कारण त्या वर्षी त्याच स्वस्त मिळाल्या. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘वा, साउंडप्रूफ केलंय!’ तर नाही. चादर खोलीतला आवाज थोडा शोषते, बाहेरचा अडवत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. आवाज अडवायला वजन लागतं : जाड भिंत, दुहेरी दार, फट नसलेली खिडकी. शोषायला लागते मऊ, सच्छिद्र जाडी. आणि किती जाडी, हे आवाजाच्या लाटेच्या लांबीवर ठरतं. झांजेच्या ५,००० हर्ट्झच्या सुराची एक लाट सात सेंटिमीटरची असते. सुरकुत्या पाडून टांगलेल्या चादरीला तिचं बऱ्यापैकी काही करता येतं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, त्याची लाट सव्वाआठ मीटरची, माझ्या खोलीपेक्षा लांब. तिला मोर दिसतसुद्धा नाही. म्हणून तर बेस वायरनं थेट घेतला.

टॉवेलचा उपयोग मात्र खरा आहे. इथल्याच टॉवेलची चौपदरी घडी टॉमवर ठेवली की घुमणारा ‘बोंऽऽ’ जाऊन आटोपशीर ‘धप्’ मिळतो. बीटल्सच्या शेवटच्या काळात रिंगो स्टार ड्रमवर स्वयंपाकघरातली फडकी टाकून वाजवायचा. त्याला सोलापूर माहीत नव्हतं, एवढाच फरक.

पंखा बंद का, तर त्याचा वारा माइकला लागतो. एप्रिलमधलं सोलापूर, बंद खिडक्या आणि चार घामाघूम पोरं, यातून दोन भानगडी झाल्या. पहिली सुराची. पोलादी तार तापली की सैलावते आणि सूर उतरतो. २६व्या मिनिटाला गिटार सहाव्या मिनिटाच्या मानाने किंचित खाली गेलेलं होतं. सलग ऐकताना कुणाला कळत नाही, कारण कानही बरोबर उतरत जातो. दूरचे दोन तुकडे शेजारी ठेवले की लगेच बोचतं.

दुसरी भानगड लयीची. क्लिक, म्हणजे कानात टकटकणारा मेट्रोनोम, त्यांनी लावला नव्हता. जॅमला सहसा लावतही नाहीत, कारण लय सैल सोडायचीच असते. मिनिटाला १०४ मात्रांवर सुरू झालेला ठेका २६व्या मिनिटाला १११वर गेला होता. चार मात्रांचं एक आवर्तन आधी २.३१ सेकंदांचं होतं, ते २.१६वर आलं. भजनात गजराकडं जाताना लय चढते आणि ती चढावीच लागते, तसंच हे. (माझी एक खाजगी शंका आहे. भिंतीपलीकडच्या शेडमधले माग मिनिटाला साधारण ११० खटके देतात, मी एकदा घड्याळ लावून मोजलंय. ड्रमरच्या घरीही माग आहेत. रविवारी शेड अर्धीच चालू होती, पण चालू होती. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘काय मामा, काहीही.’)

मग आलं खरं काम, आणि ते वाद्याला हात न लावता करायचं असतं. रेकॉर्डिंग संपलं की लगेच ऐकायचं नाही. अंगात वाजवण्याची धुंदी असते, सगळंच थोर वाटतं. मी दोन दिवस फाइल दिली नाही. भाचा फोनवर चिडला. तिसऱ्या दिवशी चौघांना वेगवेगळी पाठवली आणि सांगितलं, एकमेकांशी बोलू नका, आवडलेल्या जागा मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून आणा.

चार कागद आले. बेसवाल्याचा बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर, पाचच ओळी. गिटारवाल्यानं २३ जागा लिहिल्या होत्या, त्यातल्या १९ त्याच्या स्वत:च्या सोलोच्या. ड्रमरनं आवडलेल्या जागांखेरीज ‘मी चुकलोय ती ठिकाणं’ असा मथळा टाकून वेगळी यादीही केली होती. चारही कागदांवर जुळणाऱ्या जागा निघाल्या दोन : ६ मिनिटं ५० सेकंद आणि २६ मिनिटं १० सेकंद. दुसरी तर ड्रमरच्या चुकांच्या यादीतही होती.

तिथं काय घडलंय ते मी पंचवीस-तीस वेळा ऐकलं असेल. गिटारवाल्याचं बोट घसरलं आणि ठरलेल्या कॉर्डऐवजी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याऐवजी, दुसराच लागला. बेसवाल्यानं अर्ध्या मात्रेत ते पकडलं आणि आपला सूर त्याच्याखाली नेऊन ठेवला. त्यामुळं चूक ही चूक राहिली नाही, वळण झालं. ड्रमर गोंधळून एक मात्रा थांबला. त्या एका मात्रेच्या शांततेत गाणारा पहिल्यांदा वरच्या पट्टीत गेला. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात नसलेली ध्रुवपदाची जागा तयार झाली. पहिल्या फेरीत हे सगळं दीड सेकंदाचं आहे. पुढची तीन मिनिटं ते तेच परत मिळवायच्या मागं लागलेत आणि हळूहळू बिघडवत गेलेत, हेही फाइलमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

कडवं ६:५०चं, ध्रुवपद २६:१०चं. दोन्ही शेजारी आणायचे म्हणजे कापाकापी आली.

हा उद्योग कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. टेप खरोखर ब्लेडनं कापत आणि चिकटपट्टीनं जोडत. सेकंदाला १५ इंच टेप धावते, म्हणजे मध्यम लयीतली एक मात्रा साडेसात-आठ इंचांची. हातात धरता येईल अशी. छेद तिरका देत, म्हणजे एक आवाज संपत असतानाच दुसरा चढतो आणि सांधा कानाला लागत नाही. फेब्रुवारी १९६९मध्ये न्यूयॉर्कला माइल्स डेव्हिसनं काही वादक जमवून लांबलचक वाजवलं. माणूस जॅझमधला, पण त्या रेकॉर्डिंगात विजेवरचं गिटार होतं आणि रॉकवाल्यांनी त्यातून पुष्कळ उचललं. निर्माता टिओ मसेरोनं त्या टेपांतून ‘इन अ सायलेंट वे’ हा अल्बम कापून काढला. त्याच्या दुसऱ्या बाजूची सुरुवातीची चारेक मिनिटं शेवटी पुन्हा येतात. ती वादकांनी पुन्हा वाजवलेली नाहीत. तीच टेप उतरवून शेवटी जोडली आहे. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की मंडळी फिरून घरी आली. रचना वाजवण्यात नव्हती, ती कापताना घातली गेली.

जर्मनीतला कॅन हा बँड तर याच पद्धतीवर जगला. त्यांचा बेसवादक होल्गर शुकाय हा स्टॉकहाउजन या जर्मन संगीतकाराचा विद्यार्थी. कोलोनजवळच्या एका जुन्या गढीत ही मंडळी तासन् तास वाजवायची आणि नंतर शुकाय टेप कापत बसायचा. १९७१चा ‘टॅगो मॅगो’ असा झाला. त्यांच्याकडं तेव्हा दोनच ट्रॅक होते, म्हणजे वाद्यं वेगळी काढायची सोय नाही. कापड आडवंच कापता येणार, त्यातला एकच धागा ओढून काढता येणार नाही.

आमच्याकडं १२ धागे, त्यामुळं सोय जास्त आणि डोकेदुखीही. पहिली गोष्ट : ड्रमचे सात ट्रॅक एकत्रच कापायचे. स्नेअरचा आवाज सातही माइकना गेलेला असतो, पण वेगवेगळ्या वेळी. हवेतून आवाजाला एक मीटर जायला तीन मिलिसेकंद लागतात. त्यातला एकच ट्रॅक चुकून थोडा सरकला, तर लाटा एकमेकींना खातात आणि भरीव स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ लागतो. दुसरी गोष्ट : छेद मात्रेच्या ऐन सुरुवातीला न देता केसभर आधी द्यायचा आणि दोन तुकडे काही मिलिसेकंद एकमेकांवर चढवायचे. याला क्रॉसफेड म्हणतात. जुन्या तिरक्या ब्लेडचंच हे नवं रूप. तसं केलं नाही तर सांध्यावर ‘टक’ असा खडा लागतो.

लयीचा प्रश्न सोडवला तो ड्रमरच्या थांबण्यानं. १०४ वरून एकदम १११वर उडी मारली तर ऐकणारा अडखळतो. कॉम्प्युटर आवाज ताणून देतो, पण ड्रम फार ताणले की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या लागतात. ध्रुवपद थोडंसं ताणून १०८वर आणलं आणि त्याआधीची शांतता एका मात्रेवरून दीड मात्रेवर नेली. त्या शांततेत ऐकणाऱ्याच्या पायाचा हिशोब सुटतो. नवी लय सुरू झाली की पाय ती मुकाट्यानं धरतो.

आता ती झांज. कडव्याच्या शेवटी ड्रमरनं मोठी क्रॅश मारली होती. तिचा घुमारा तीन-चार सेकंद चालतो. सांध्यावर मी कापलं आणि घुमारा मध्येच मेला, तोंडावर हात ठेवल्यासारखा. मूळ फाइलमधला पुढचा भाग खाली चालू ठेवावा, तर त्यात घुमाऱ्याबरोबर पुढचे ठोकेही आहेत. हवी होती अशी क्रॅश, की जिच्यानंतर कुणी काहीच वाजवलेलं नाही. ३८ मिनिटांत ती एकदाच सापडली, ३७व्या मिनिटाला. ड्रमरनं शेवटचा फटका मारला आणि काठ्या खाली टाकून दिल्या. काठ्या पडायच्या आधीचे तीन सेकंद मी उचलले आणि सांध्यावर पांघरले. कुणी ऐकू नये अशा त्या चार मिनिटांनी गाणं वाचवलं.

इथपर्यंत आल्यावर प्रत्येक बँडपुढं एक प्रश्न येतो : कापलेलं जॅमच गाणं म्हणून ठेवायचं, की तो आराखडा समजून सगळं नव्यानं वाजवायचं? पहिला रस्ता कॅनचा. दुसरा जास्त रुळलेला. यू टू हा आयरिश बँड १९९०च्या अखेरीस बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत एका गाण्याशी झगडत होता. त्यासाठी करून बघितलेल्या दोन कॉर्डमाळा गिटारवाल्यानं सहज एकापाठोपाठ वाजवल्या, बाकीचे त्यावर जॅम करायला लागले आणि त्यातनं ‘वन’ उगवलं. अल्बमवर आलं ते मात्र पुढं बऱ्याच कामानंतरचं. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडनं १९८०च्या ‘रिमेन इन लाइट’साठी बहामाजमध्ये नासाऊला तिसराच मार्ग धरला. निर्माता ब्रायन ईनोबरोबर आधी जॅम रेकॉर्ड करायचं, त्यातला बरा तुकडा शोधायचा आणि मग तोच तुकडा न थकता पुन:पुन्हा वाजवायचा. शब्द सगळ्यात शेवटी.

नव्यानं वाजवण्यात एक धोका असतो. त्या दिवशी काय येणार हे कुणाला माहीत नव्हतं म्हणून कान टवकारलेले होते. आता सगळं माहीत असतं, वादन नीटनेटकं होतं आणि निर्जीव लागतं. आमच्या पोरांनी पूर्ण गाणं दोनदा नव्यानं वाजवलं, दोन्ही वेळा क्लिक लावून. सगळं बरोबर, आणि सरकारी पत्रासारखं. शेवटी ठरलं की ड्रम आणि बेस जॅममधलेच ठेवायचे, बेसचा उतरलेला सूर कॉम्प्युटरवर किंचित वर घ्यायचा, आणि सूर उतरलेलं गिटार तेवढं त्यावर नव्यानं चढवायचं. याला ओव्हरडब म्हणतात.

आणि इथं ब्लीडनं डाव साधला. जुनं गिटार पुसलं, पण झांजांच्या माइकमध्ये ते भुतासारखं शिल्लकच होतं. नवं गिटार त्याच्यापासून जरा हललं की मागून जुनं डोकावायचं. नवं वाजवायचं तर अगदी जुन्यासारखं, त्या घसरलेल्या बोटासकट. गिटारवाला दोन संध्याकाळी कानाला हेडफोन लावून स्वत:ची चूक पाठ करत बसला होता. ‘मामा, हे परत येईना झालंय बघा,’ म्हणाला. ३४व्या प्रयत्नाला आलं.

शब्दांचं थोडक्यात सांगतो. जॅममध्ये गाणारा शब्द गात नाही, आवाज गातो. ध्रुवपदावर आमच्या पोरानं चक्क ‘कडक भाकरी, कडक भाकरी’ लावलं होतं. हसू नका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं ‘यस्टरडे’ची चाल सुचल्यावर तिथं आधी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ घातलं होतं. खाण्याचे शब्द तोंडात बसतात. अडचण नंतर येते, कारण खरा शब्द त्याच साच्यात बसावा लागतो. ‘क-डक-भाक-री’ : पहिला उच्चार आखूड, तिसऱ्यावर जोर आणि तिथंच चाल सगळ्यात वर. वरच्या सुरावर ‘आ’ मोकळा सुटतो, ‘ई’ आणि ‘ऊ’ आवळतात. म्हणजे तिसऱ्या जागी ‘आ’ असलेलाच शब्द हवा. आठवडाभर वह्या भरल्या. गाळणीतून शेवटी राहिलं ‘अजून जागी’. ‘भा’च्या जागी ‘जा’. पुढचं गाणं त्या दोन शब्दांवरून एका रात्रीत झालं.

मिक्सिंग आणि मास्टरिंगवर लोक पुस्तकं लिहितात, मी इथं दोन ओळींत उरकतो. मिक्स म्हणजे कोण पुढं, कोण मागं, कोण डावीकडं हे ठरवणं. मास्टरिंग म्हणजे अल्बममधली सगळी गाणी एकमेकांशेजारी नांदतील असं बघणं. आवाज ठोकून ठोकून मोठा करायचा सोस आता कमी झालाय, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा वाजवताना सगळ्यांची पातळी सारखी करतात. लांबीचं गणितही बदललंय. पूर्वी तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत भरायची. आता जागेला तोटा नाही, पण ३० सेकंद ऐकलं तरच ते गाणं ऐकल्याची नोंद होते. पोरांनी सुरुवातीचा बेस-ड्रमचा भाग म्हणून ५० सेकंदांवरून २२ वर आणला. मला तो लांबच आवडायचा, पण मला विचारतो कोण.

राहिला प्रश्न, हे गाणं कुणाचं. इथं भलीभली मोडतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क आहेत. संगीतकार होण्यासाठी नोटेशन लिहावं लागत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे, म्हणजे जॅममध्ये सुचलेलंही चालतं. दोघा-तिघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ते संयुक्त मानलं जातं आणि त्याचा हक्क शेवटच्या भागीदाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आता सांगा, चार सूर बेसवाल्याचे, वळण गिटारवाल्याच्या घसरलेल्या बोटाचं, थांबणं ड्रमरचं, वरची चाल गाणाऱ्याची. वेगळं काय काढणार?

ठरवलं नाही की काय होतं, ते प्रोकॉल हॅरम या इंग्लिश बँडला विचारावं. १९६७च्या त्यांच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’मधला ऑर्गन जगाला पाठ आहे. तो वाजवणारा मॅथ्यू फिशर ३८ वर्षांनी कोर्टात गेला. २००६मध्ये त्याला संगीताचा ४० टक्के वाटा मिळाला, अपिलात त्यातलं बरंच गेलं, आणि २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या शेवटच्या कोर्टानं, तो परत दिला. मागच्या तीन-चार दशकांचे पैसे मात्र नाही मिळाले.

म्हणून गाणं झालं त्याच संध्याकाळी मी चौघांना कागदावर वाटे लिहायला बसवलं. संगीत चौघांत सारखं, पंचवीस-पंचवीस टक्के. शब्द गाणाऱ्याचे एकट्याचे. कुरकुर झाली, मग थांबली. चार सह्या झाल्या, त्यातली ड्रमरची तेलुगूत. कागदाचा फोटो काढून झाल्यावर भाच्यानं मान वर केली.

‘मामा, पण कापलं तर तुम्ही. झांज तुम्ही बसवली. तुमचे किती टक्के लिहायचे?’

कापणाऱ्याचा वाटा किती, हा मसेरोचा प्रश्न सोलापुरात येऊन उभा राहिला होता. मी जरा विचार केल्यासारखं केलं.

‘ते राहू दे. ओव्हरडबच्या दोन दिवसांचं भाडं राहिलंय, ते लिही की बे आधी.’